लाईट गेली आणि लिनक्स उठेना

मृगाआधीचा पंधरवडा खानदेशातल्या संगणकांना सगळ्यात वाईट. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, दुपार कलली की वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटतं, तारा एकमेकींना लागतात, लाईट जाते, येते, पुन्हा जाते. रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या होतात तेव्हा गावात बोलणं त्यांचंच असतं, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच संध्याकाळी सेवा केंद्रातला, डीटीपीच्या टेबलावरचा, शाळेच्या ऑफिसातला संगणक काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं दाखवत उभा राहतो. "काय जयं भो?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: फॉर्मॅट मारावा लागेल.

संगणकात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) असेल तर बहुतेक वेळा मारावा लागत नाही. अचानक लाईट गेल्याने बिघाड होतो तो पाच-सहा ठरलेल्या जागी, आणि यातल्या बहुतेक जागांची दुरुस्ती पंधरा मिनिटांत होते. फॉर्मॅटने मात्र जिथे काहीच दुखत नव्हतं तेही पुसलं जातं: घरचे फोटो, हिशेबाच्या शीट, मोठ्या कष्टाने बसवलेला प्रिंटर, मराठी कीबोर्ड.

विंडोज १० चा नेहमीचा आधार (म्हणजे अपडेट मिळणं) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीची कितीतरी चांगली मशीनं आता लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारावर चालतात. मशीन जुनं म्हणजे डिस्क जुनी, मदरबोर्डवरचा सेल जुना, यूपीएसची बॅटरी जुनी. पुढचं सगळं मिंट २१ आणि २२, त्यातही सिनॅमन हा डेस्कटॉप, धरून आहे. उबंटूलाही जवळजवळ तसंच लागू पडतं. टर्मिनलच्या (आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या) आज्ञा मुळात इंग्रजी आहेत, म्हणून अवतरणातल्या आज्ञा आकड्यांसकट इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी, जे बिघडलेलं नाही ते

लाईट गेल्यावर पुढच्या वेळी ग्रबचा (मशीन चालू होताना लिनक्स उचलणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू अचानक दिसतो आणि ३० सेकंद थांबून राहतो. हा बिघाड नाही. मागचं बूट, म्हणजे मशीन चालू होणं, नीट पूर्ण झालं नाही अशी खूण राहिली की ग्रब तुम्हाला निवडीची संधी देतो, एवढंच. तसंच "रिकव्हरिंग जर्नल" ही ओळ. ईएक्सटी४ ही फाईलप्रणाली रोजमेळासारखी एक वही ठेवते: कोणती फाईल कुठे आहे, किती मोठी आहे, यातला प्रत्येक बदल आधी वहीत, मग खात्यात. लाईट गेली तर पुढच्या बूटला वही वाचून खातं जुळवलं जातं. त्या वेळी घाबरून बटण दाबू नका.

या वहीची मर्यादा मात्र माहीत हवी. तिच्यात फाईलची जागा आणि आकार यांची नोंद असते, फाईलमधला मजकूर नसतो, आणि नेहमीच्या सेटिंगला वही दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरते. मजकूर तर मेमरीत त्याहूनही जास्त वेळ थांबू शकतो. म्हणून लाईट गेल्यावर फाईलप्रणाली शाबूत राहते, पण शेवटच्या काही सेकंदांत लिहिली जात असलेली फाईल कधी रिकामी, शून्य बाइटची सापडते. पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच आहे.

"इनिटरॅमएफएस" लिहिलेला काळा पडदा

वही पुरेशी पडली नाही की बूट अर्ध्यात थांबतं. पडद्यावर बिझीबॉक्सचं नाव येतं आणि खाली कंसात "इनिटरॅमएफएस" लिहून कर्सर लुकलुकतो. फॉर्मॅटचा सल्ला सर्वांत जास्त मिळतो तो इथेच.

पहिलं काम: "एक्झिट" टाइप करून एंटर. मशीन पुन्हा प्रयत्न करतं आणि या वेळी कारण छापतं. बहुधा ओळ असते "अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली", आणि तिच्या सुरुवातीला डिस्कच्या भागाचं (पार्टिशनचं) नाव, जसं "/डेव्ह/एसडीए२". एनव्हीएमई डिस्क असेल तर नाव लांब, "/डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२" अशा धर्तीचं. नाव दिसलं नाही तर "बीएलकेआयडी" टाइप करा. सगळे भाग आणि त्यांचे प्रकार दिसतात, त्यातला ईएक्सटी४ लिहिलेला आपला.

मग "एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२". "-वाय" म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो. तो न लावता एकेका प्रश्नाला वाय दाबत बसलात तर शेकडो वेळा दाबावा लागू शकतो, आणि त्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला तशीही ठरवता येत नाहीत. शेवटी "फाईल सिस्टम वॉज मॉडिफाइड" आलं की तीच आज्ञा पुन्हा एकदा द्या. दुसऱ्या फेरीत "क्लीन" आलं पाहिजे. मग "रीबूट", किंवा तेही चालत नसेल तर "एक्झिट". डिस्क चांगली असेल तर एवढ्यावर डेस्कटॉप उघडतो. ज्या तुकड्यांचं नाव हरवलं ते त्या भागाच्या मुळाशी "लॉस्ट+फाउंड" फोल्डरात, हॅश चिन्ह आणि आकडा अशा नावाने पडलेले असतात. "फाईल" या आज्ञेने ते फोटो आहेत की पत्र ते कळतं.

पण एक अट आहे आणि ती सोडू नये. मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असून ती टकटक वाजत असेल, किंवा पडद्यावर "आय/ओ एरर" च्या ओळी धावत असतील, तर एफएससीके चालवू नका. दुखणं फाईलप्रणालीचं नाही, डिस्कचं आहे. मरत्या डिस्कवर हजारो ठिकाणी लिहायला लावलं तर आहे तेही जातं. मिंटच्या पेन ड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवरचं नव्हे, पेन ड्राइव्हवरचंच मिंट) चालू करा, "डिस्क्स" प्रोग्राम उघडा, आपली डिस्क निवडून मेनूतून स्मार्ट डेटा (डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे ठेवलेले आकडे) पाहा. १९७ क्रमांकाची ओळ, म्हणजे वाचता न येणारी आणि निकाल लागायची असलेली सेक्टरं, शून्याहून जास्त असेल तर आधी प्रत काढा. त्यासाठी "जीडीडीरेस्क्यू" पॅकेज. त्यातली आज्ञा "डीडीरेस्क्यू". तिला तिसरा शब्द म्हणून मॅप फाईलचं नाव जरूर द्या. मग प्रत काढताना लाईट गेली तरी तीच आज्ञा जिथे थांबली तिथून पुढे चालते. ५ क्रमांकाची ओळ वाढत असेल तर खराब सेक्टरांच्या जागी डिस्कची राखीव सेक्टरं खर्च होत आहेत. मात्र १९९ वाढत असेल तर डिस्क बदलायच्या आधी साटाची केबल बदला: तो आकडा केबलवरून येता-जाता खराब झालेल्या डेटाचा असतो, आणि केबल डिस्कपेक्षा खूप स्वस्त आहे.

चालू असलेल्या, माउंट केलेल्या (वापरासाठी जोडलेल्या) भागावर एफएससीके कधीच नाही. इनिटरॅमएफएसमध्ये तो भाग माउंट नसतो, म्हणूनच तिथे चालतं.

बूट थांबून "इमर्जन्सी मोड" येत असेल तर ती वेगळी गोष्ट. डेटाची दुसरी डिस्क एफएसटॅब फाईलमध्ये (चालू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) लिहिलेली असते, लाईटच्या झटक्यात ती सापडत नाही, मशीन तिची ९० सेकंद वाट पाहतं आणि हात टेकतं. त्या ओळीच्या पर्यायांत "नोफेल" हा शब्द टाकला की डिस्क नसली तरी बूट पुढे जातं. बाहेरच्या किंवा दुय्यम डिस्कला हा शब्द पहिल्या दिवसापासून लावावा.

अपडेट चालू असताना लाईट गेली तर

पॅकेज बसवताना शेकडो छोट्या फाईली लिहिल्या जातात, म्हणून इथे नुकसान जास्त. पुढच्या वेळी अपडेट मॅनेजर स्वतःच सांगतो की डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) मध्येच थांबलं. आज्ञा ठरलेल्या, क्रमही ठरलेला: "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए", मग "सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल", मग "सुडो एपीटी क्लीन" (अर्धवट उतरलेली पॅकेजं फेकण्यासाठी), आणि शेवटी नेहमीचं अपडेट पुन्हा.

बऱ्याच ठिकाणी सल्ला दिसतो की लॉक फाईल डिलीट करा. करू नका. लॉक ही फाईल नसून त्या फाईलवर चालू प्रोग्रामने धरलेला हक्क असतो. प्रोग्राम संपला की हक्क आपोआप सुटतो, फाईल तिथेच पडून राहिली तरी. लाईट गेल्यावर बूट झालेल्या मशीनवर "लॉक मिळत नाही" असा संदेश आला, तर त्याचा अर्थ या क्षणी मागे अपडेट चालू आहे. संदेशातच प्रक्रियेचा क्रमांक असतो. पाच-दहा मिनिटं थांबा.

कधी डीपीकेजी एका पॅकेजची फाईलयादी रिकामी किंवा अपुरी आहे म्हणून अडतं. ही तीच शून्य बाइटची भानगड. "/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो" मध्ये त्या पॅकेजच्या नावाची, "लिस्ट" शेपटाची फाईल असते; ती दुसरीकडे हलवा आणि "सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल" पुढे पॅकेजचं नाव द्या. आणि सगळ्या पॅकेजांची नोंद असलेली "स्टेटस" फाईलच खराब झाली तर? तेव्हाही फॉर्मॅट नाही. शेजारी "स्टेटस-ओल्ड" असते, आणि "/व्हार/बॅकअप्स" मध्ये "डीपीकेजी.स्टेटस.०" नावाने आणखी एक प्रत. ती जागेवर ठेवली की यादी परत येते. सगळं झाल्यावर "डेबसम्स" पॅकेज बसवून "सुडो डेबसम्स -सी" चालवा. पॅकेजांमधल्या ज्या फाईलींचा मजकूर मूळाशी जुळत नाही त्यांची नावं येतात. लाईट गेल्याने आणखी कुठे शून्य बाइट झालं ते शोधण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

नेमकं कर्नल (लिनक्सचा गाभा) बसत असताना लाईट गेली तर बूटला "कर्नल पॅनिक", "अनेबल टू माउंट रूट एफएस" येतं. सुरुवातीची इनिटआरडी फाईल तयारच झालेली नसते. ग्रबमध्ये "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" उघडून आधीचं कर्नल निवडा (मेनू दिसत नसेल तर जुन्या बायोसच्या मशीनला शिफ्ट दाबून धरा, नव्या यूईएफआयच्या मशीनला एस्केप). आत गेल्यावर "सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल" आणि "सुडो अपडेट-ग्रब". तरीही नव्या कर्नलची इनिटआरडी दिसली नाही तर "-यू" च्या जागी "-सी" आणि "ऑल" च्या जागी त्या कर्नलची आवृत्ती. जागा वाचवायला जुनी कर्नलं काढताना एक तरी चालणारं जुनं ठेवावं, ते यासाठी.

घड्याळ

विजांच्या भीतीने रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची आपल्याकडे सवय आहे, आणि सवय चांगली आहे. फक्त तिचा एक परिणाम होतो. बटण चालू असताना मदरबोर्डवरचं घड्याळ एसएमपीएसच्या (संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) स्टँडबाय पुरवठ्यावर चालतं. बटण बंद असलं की सगळा भार सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या सेलवर. रोज रात्री बंद राहणाऱ्या मशीनचा सेल लवकर उतरतो.

मग तारीख काही वर्षं मागे जाते आणि तक्रारी येतात भलत्याच: ब्राउझर म्हणतो बँकेची साइट असुरक्षित आहे, एपीटी (पॅकेज उतरवणारा प्रोग्राम) म्हणतो रिलीज फाईल अजून लागू झालेली नाही. साइटच्या प्रमाणपत्राची सुरुवात २०२५ ची आणि मशीनची तारीख २०१५ ची असल्यावर दुसरं काय होणार? मिंटमध्ये टाइमसिंक (नेटवरून वेळ जुळवणारी सोय) शेवटची चांगली वेळ डिस्कवर ठेवतं आणि निदान तिथपर्यंत घड्याळ पुढे ओढतं. नेट मिळालं की बरोबर वेळ लावतं. पण मूळ भागाची तपासणी त्याच्याही आधी होते. तिथे "लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर" ही ओळ वारंवार दिसायला लागली तर डिस्कला दोष देऊ नका, सेल बदला. मल्टिमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर बदललेलाच बरा.

वेळ बरोबर साडेपाच तास पुढे-मागे असेल तर सेल चांगला आहे. शेजारी विंडोज असतं. ते मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथे जागतिक वेळ धरतं. "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" दिलं की दोघांचं जुळतं.

प्रिंटर मुका झाला

सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत एचपीचे लेझरजेट १०२०, पी१००७ यांसारखे छोटे प्रिंटर अजून भरपूर चालतात. त्यांच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्राम) कायमचं नसतं. प्रत्येक वेळी चालू झाल्यावर संगणकाने ते यूएसबीवरून पाठवायचं, मगच प्रिंटर कामाला लागतो. लाईटचा झटका बसला, संगणक यूपीएसवर तरला, प्रिंटर मात्र बंद होऊन चालू झाला, की दिवे नीट दिसतात पण कागद हलत नाही.

यूएसबी केबल काढून पुन्हा लावा. बहुधा फर्मवेअर आपोआप जातं. नाही गेलं तर "एचपी-फर्मवेअर" ही आज्ञा. तीही प्लगइन (एचपीचा जोडभाग) नाही म्हणाली तर "एचपी-प्लगइन" चालवा. प्लगइनची आवृत्ती एचपीलिप या एचपीच्या लिनक्सवरच्या ड्रायव्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते, म्हणून मोठ्या अपग्रेडनंतर हे एकदा करावंच लागतं. "फू२झेडजेएस" हा जुना ड्रायव्हर आणि एचपीलिप दोन्ही बसवू नका. दोघं एकाच प्रिंटरला फर्मवेअर पाठवायला धावतात.

दुसरं कारण कप्सचं, म्हणजे छपाईची कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं. काम अर्धवट तुटलं की कप्स प्रिंटरला "स्टॉप्ड" करून ठेवतो आणि पुढची सगळी कामं रांगेत साचतात. प्रिंटरच्या गुणधर्मांत "पॉलिसीज" मध्ये "एनेबल्ड" ला पुन्हा टिक करा, आणि तिथेच एरर पॉलिसी "रिट्राय जॉब" करून ठेवा. अडकलेली कामं "कॅन्सल -ए" ने एकदम जातात. प्रिंटर छोट्या यूपीएसला जोडावा का? नाही. लेझरचा फ्यूजर (शाई कागदावर पक्की करणारा तापणारा भाग) तापताना एवढी वीज ओढतो की यूपीएसच बंद पडेल आणि संगणकालाही घेऊन जाईल.

छोट्या गोष्टी, पण रोजच्या

लिब्रेऑफिसचं पत्र उघडताना "दुसऱ्याने उघडलं आहे" असं येतं, नाव मात्र तुमचंच. त्याच फोल्डरात कंट्रोल-एच दाबून लपलेल्या फाईली पाहा. नावात "लॉक" असलेली आणि शेवटी हॅश चिन्ह असलेली पिटुकली फाईल काढून टाका. ही मात्र खरोखर काढायची फाईल आहे, डीपीकेजीसारखी नव्हे. लिब्रेऑफिस आपोआप जतन दर १० मिनिटांनी करतं. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे ते २ करा आणि "नेहमी बॅकअप प्रत ठेवा" ला टिक करा.

क्वचित सिनॅमनचं पॅनेल, वॉलपेपर आणि मराठी कीबोर्ड सगळं एकाच वेळी मूळ पदावर जातं. या साऱ्या सेटिंग्ज "डीकॉन्फ" च्या एकाच फाईलमध्ये असतात आणि ती खराब झालेली असते. सगळं चांगलं असताना "डीकॉन्फ डम्प /" चा निकाल एका फाईलमध्ये साठवून ठेवा. पुढे "डीकॉन्फ लोड /" ला तीच फाईल दिली की डेस्कटॉप होता तसा. कीबोर्ड हातानेच लावायचा असेल तर यादीत पहिला रुपयाचिन्हासह भारतीय इंग्रजी ठेवा (उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं), दुसरा मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट. मराठी पहिला ठेवला तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत पडतो, ठिपक्यांमुळे दिसत नाही, आणि माणूस समजतो पासवर्डच बिघडला.

लाईट जाणारच, तर

बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" अशा नावाचा पर्याय शोधा आणि "पॉवर ऑफ" करा. तो "ऑन" किंवा "लास्ट स्टेट" वर असला की प्रत्येक झटक्याला मशीन स्वतः उठतं आणि नेमकं तपासणी चालू असताना पुन्हा पडतं. दहा मिनिटांत पाच वेळा. सगळ्या उपायांत याची किंमत शून्य आणि फायदा सर्वांत मोठा आहे.

मशीन अडकलं म्हणून बटण दाबून धरणं हीदेखील लाईट घालवणंच. त्याऐवजी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून, दोन-दोन सेकंदांच्या अंतराने एस, यू, बी दाबा: मेमरीतलं डिस्कवर उतरवा, भाग केवळ-वाचनाचे करा, रीबूट. लॅपटॉपवर सोबत एफएन लागू शकतं. त्याआधी आर, ई, आय दाबायलाही सांगितलेलं सापडेल. उबंटू आणि मिंटमध्ये या सोयीचं मूल्य (कोणत्या कळांना परवानगी, याचा आकडा) १७६ असतं, म्हणजे १२८, ३२ आणि १६. त्यात एस, यू, बी एवढंच बसतं.

टाइमशिफ्टचे स्नॅपशॉट (प्रणाली त्या दिवशी होती तशी साठवलेली प्रत) चालू ठेवा, पण ते होम फोल्डर धरत नाहीत हे लक्षात असू द्या. ते प्रणालीसाठी आहेत. कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर वेगळी.

यूपीएस घेताना मागे यूएसबीचं तोंड असलेला पाहा. स्वस्त ६०० व्हीएच्या यूपीएसांपैकी बऱ्याच जणांना ते नसतं, आणि मग मशीनला बॅटरी संपत आल्याचं कळायला मार्ग नाही. यूएसबी असेल आणि पॉवर मॅनेजमेंटमध्ये बॅटरी दिसत असेल तर "/ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ" मध्ये (इथे मात्र लहान-मोठी अक्षरं अशीच हवीत: UPower, PercentageAction, CriticalPowerAction, PowerOff) "पर्सेंटेजअ‍ॅक्शन" २ चं २० करा आणि "क्रिटिकलपॉवरअ‍ॅक्शन" ला "पॉवरऑफ" द्या. जुनी बॅटरी २० टक्क्यांवरून शून्यावर क्षणात येते, २ टक्क्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याच फाईलमधले "लो" आणि "क्रिटिकल" हे आकडे उतरत्या क्रमाने याहून मोठे ठेवा, उदाहरणार्थ ४० आणि ३०. क्रम चुकला तर फाईल न जुमानता मूळ आकडे वापरले जातात.

अशा यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. तिचं आयुष्य २५ अंशांचं धरून सांगितलेलं असतं आणि त्यावर दर ८ ते १० अंशांना साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या छताखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून, टेबलाखाली कोंडलेला यूपीएस एप्रिल-मे मध्येच थकतो. तो पूर्वेच्या भिंतीला, जमिनीवर, चारी बाजूंनी वारा लागेल असा ठेवा, आणि वावधनाचे दिवस सुरू होण्याआधी, मार्चमध्ये, सगळं जतन करून भिंतीवरचं बटण बंद करून पाहा: मशीन किती मिनिटं तरतं आणि स्वतःहून नीट बंद होतं का. पाच मिनिटंही तरलं नाही तर बॅटरी तेव्हाच बदला.